बोट फिरवून बघितलंस का?

कुमुद पाटणकर, वय सदुसष्ट, राहणार द्वारका, दिल्ली, फ्लॅट सातशे तीन, यांच्यावर यंदाच्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी अन्याय झाला. वेळ नेमकी सांगता येते, कारण लिफ्टमधल्या कॅमेऱ्याने ती नोंदवून ठेवली आहे. अन्याय करणारे चार. एक, लिफ्ट विकणारी कंपनी. दोन, सोसायटीची मॅनेजिंग कमिटी. तीन, त्यांचा स्वतःचा मुलगा. चार, मी.

पत्रकं लिहून हात असाच वळलाय, म्हणून सुरुवात अशी झाली. पत्रकात कोणावर, कधी, कोणी, हे पहिल्या दमात सांगायचं असतं. वाचणारा पुढे थांबेलच याची खात्री नसते. संपादकांनी मात्र मला बजावलंय, "दिवाळी अंक आहे, रुबिना. घोषणा नकोत. कामातले गमतीदार अनुभव लिही." ठीक आहे. गमती पुष्कळ आहेत.

मी मूळची परभणी जिल्ह्यातली. दिल्लीत आले नागरी सेवा परीक्षेच्या तयारीला, म्हणजे जिल्हाधिकारी व्हायला. करोलबागेजवळच्या एका खोलीत चौघीजणी राहून दोन वेळा पूर्वपरीक्षा दिली, दोन्ही वेळा पडले. मधल्या काळात जनकपुरीतल्या एका तळघरात अर्ध्या दिवसाचं काम धरलं. ते आता पूर्ण दिवसाचं झालं आणि सहा वर्षं झाली. या तळघरात दृष्टिहीन माणसांना बोलणारा फोन आणि बोलणारा कॉम्प्युटर वापरायला शिकवतात. मला स्वतःला दिसतं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ त्यामुळेच झाला.

धंदा समजावून सांगते, दोन मिनिटं लागतील. तुमच्या फोनमध्ये एक सोय आहे, तुम्ही ती कधी उघडली नसेल. ती चालू केली की फोन बोलतो. काचेवर बोट ठेवलं की बोटाखाली काय आहे ते सांगतो: घड्याळ, कॅमेरा, आईचा मेसेज. पण नुसतं बोट ठेवल्याने काही उघडत नाही. उघडायचं असेल तर दोनदा टकटक करायचं. बोटाने सगळी काच चाचपायची, ऐकायचं, हवं ते सापडलं की मगच दाबायचं. आधी ऐका, मग दाबा. आमचा धंदा या चार शब्दांवर उभा आहे. ज्या यंत्रात नुसता हात लागल्यावर काम होऊन बसतं, ते यंत्र कितीही गोड बोललं तरी आंधळ्या माणसाच्या उपयोगाचं नाही.

दुसरी गोष्ट पडद्याची. फोन चालू ठेवून काच पूर्ण काळी करता येते. आवाज येतो, दिसत काही नाही. आमच्याकडे याला पडदा टाकणं म्हणतात. डोळस शिक्षकाने काहीही तपासायचं तर पडदा टाकूनच, असा तळघराचा नियम आहे. डोळे उघडे असले की बोट लबाडी करतं. आवाज काय सांगतोय ते न ऐकताच बरोबर जागी जाऊन बसतं.

हा नियम केला कुमुद पाटणकरांनी. आम्ही त्यांना काकू म्हणतो. त्या जन्मापासून दृष्टिहीन. बत्तीस वर्षं एका मंत्रालयात टेलिफोन ऑपरेटर होत्या. आधी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहायच्या, नोकरीत असतानाच द्वारकेत फ्लॅट घेतला. मंत्रालयातले निम्मे एक्स्टेन्शन नंबर त्यांना अजून पाठ आहेत. ती माणसं कधीच निवृत्त झाली, काही वारलीसुद्धा, काकूंच्या डोक्यात मात्र त्यांचे फोन चालू आहेत. माणूस 'हॅलो' म्हणाला की तो साहेब आहे, साहेबाचा पीए आहे की साहेब व्हायची वाट बघतोय, हे त्या ओळखत. निवृत्तीनंतर त्या दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी एकट्या मेट्रोने जनकपुरीला येऊन नवीन आलेल्यांना शिकवायला लागल्या. ज्यांची दृष्टी चाळिशी-पन्नाशीत गेली, ती माणसं पहिल्या दिवशी रडत येतात. काकू त्यांना रडू देत नाहीत. "रडून झालं की सांगा, फोन लॉक झालाय तुमचा," म्हणतात.

आता गमती.

गुरुग्रामच्या एका कंपनीने आमच्या विद्यार्थ्यांना बोलणारे गॉगल वाटले. गॉगल लावला की समोर काय आहे ते तो सांगतो. कार्यक्रम बाविसाव्या मजल्यावर होता. गुच्छ, फोटो, 'अंधेरे से उजाले की ओर' असं बॅनर. (ते बॅनर कोणाला वाचता येणार होतं, हे विचारल्यावर मला पुढच्या रांगेतून मागे बसवण्यात आलं.) कंपनीचे मोठे साहेब काकूंच्या अगदी समोर उभं राहून करुणेवर बोलत होते. काकूंच्या गॉगलचा आवाज चुकून मोठा राहिलेला. भाषण ऐन रंगात आलेलं असताना गॉगल स्पष्ट हिंदीत म्हणाला, "सामने एक ख़ाली कुर्सी है."

काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आवाजावरून मला तेच वाटत होतं."

दुसरी गंमत एका ॲपची. घरी भाजी आणून देणारं ॲप. आमच्या विद्यार्थ्याने उघडलं तर फोन म्हणतो, "बटण. बटण. बटण. बिनानावाचं बटण." कोथिंबीर कुठली आणि कार्ट कुठलं, कळायला मार्ग नाही. बटणाला नाव देणं म्हणजे ॲप बनवणाऱ्याने एक शब्द टाइप करणं. मी कंपनीत फोन लावला. तिकडचा तरुण फार नम्र होता. म्हणाला, "मॅम, एक्चुअली हमारे ब्लाइंड यूज़र हैं ही नहीं."

"कसे असतील? बटणांना नावं नाहीत."

"वही तो मॅम. यूज़र नहीं हैं, इसीलिए तो नाम नहीं डाले."

त्याला वाटलं, त्याचा मुद्दा मला पटला.

तिसरी गंमत काकूंच्या घरातली. त्यांचा मुलगा नितीन गुरुग्रामला एका टॉवरमध्ये नोकरी करतो आणि दुसऱ्या टॉवरमध्ये राहतो. त्याने आईला वाढदिवसाला बोलून चालणारा स्पीकर आणला. "आई, नुसतं सांगायचं, लाइट ऑन. की लाइट लागते!"

काकू म्हणाल्या, "मला दिवा कशाला रे?"

नितीनने स्पीकरची वायर सरळ केली. मग म्हणाला, "तसं नाही... आलेल्या-गेलेल्यांना."

काकूंनी स्पीकरला विचारलं, "डाळ शिजली का रे?" स्पीकर म्हणाला, "माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाया." काकू म्हणाल्या, "नितीनवर गेलाय."

नितीन वाईट मुलगा नाही. माझ्या यादीत तो तिसरा आहे, पण वाईट नाही. त्याला भीती वाटते. एकदा मला म्हणाला, "रुबिना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये फोनवर सोसायटीचा नंबर दिसला ना, की मीटिंग सोडून आधी बाहेर पळतो यार." तीन वर्षांपासून तो आईच्या मागे लागलाय, इथलं बंद कर, माझ्याकडे ये. काकू एकदा पंधरा दिवस राहून आल्या. त्या टॉवरच्या लिफ्टमध्ये आत बटणंच नाहीत. बाहेर भिंतीवर काचेचा पडदा आहे, मजला आधीच तिथे टाकायचा. तो पडदा बोलत नाही. पंधरा दिवसांत काकू एकदाही एकट्या खाली उतरू शकल्या नाहीत. परत आल्यावर एवढंच म्हणाल्या, "सून चांगली आहे, नातू गोड आहे, जेवण उत्तम. आणि मी तिथे सामान आहे. कोणी उचललं तर हलते."

आता लिफ्टकडे येते. द्वारकेच्या सोसायटीतली जुनी लिफ्ट खडखडायची, पण तिची बटणं गोल आणि उठावाची होती. दोन रांगा, काकूंचं उजव्या रांगेत खालून चौथं. सोळा वर्षांत चूक नाही. यंदा जानेवारीत कमिटीने लिफ्ट बदलायला घेतली. नव्या लिफ्टला बटणं नाहीत, काळी गुळगुळीत काच आहे. काचेवर आकडे उमटतात, हात लावला की लिफ्ट हिंदीत बोलते. कंपनीच्या माहितीपत्रकावर 'बोलणारी, दिव्यांगस्नेही लिफ्ट' असं छापलेलं, सोबत काळा चष्मा लावून हसणाऱ्या बाईचा फोटो. कमिटीचे सेक्रेटरी भल्ला साहेब. त्यांना हौस आली की एखाद्या संस्थेकडून लेखी प्रमाणपत्रही घ्यावं, नोटीस बोर्डावर लावायला. काकूंमुळे आमचं तळघर त्यांना माहीत होतं. तपासायला मी गेले.

काकू म्हणाल्या होत्या, "मी पण खाली येते."

मी म्हटलं, "तुम्ही कशाला त्रास घेता काकू, दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटांचंच होतं. लिफ्टमध्ये शिरले, सातला बोट लावलं. लिफ्ट म्हणाली, "सातवीं मंज़िल." वर गेले. दोनला लावलं. "दूसरी मंज़िल." खाली आले. आवाज स्वच्छ, उच्चार बरा. फॉर्मवर सात प्रश्न होते, सातही ठिकाणी 'होय' लिहिलं, सही केली. भल्ला साहेबांनी ऑफिसात चहा आणि समोसे मागवले होते. तेवढ्यात काकूंचा वरून फोन आला.

"कशी आहे?"

"मस्त आहे काकू. बोलते छान."

"बोट फिरवून बघितलंस का? सगळ्या काचेवरून?"

"हो हो," मी म्हटलं.

नव्हतं बघितलं. माझं बोट फिरलंच नव्हतं. मला आकडा दिसत होता, बोट सरळ आकड्यावर गेलं. लिफ्टच्या काचेला पडदा टाकता येत नाही हे खरं, पण पाठ वळवून उभं राहता येतं. तेवढंही मला सुचलं नाही. सहा वर्षं मी जगाला पत्रकं वाटते की डोळे उघडे ठेवून तपासणं म्हणजे तपासणं नव्हे. आणि स्वतःच्या काकूंच्या लिफ्टवर मी उघड्या डोळ्यांनी सही केली.

नवी लिफ्ट फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी सुरू झाली. सकाळी काकू शेजारणीबरोबर खाली उतरल्या, कोपऱ्यावरच्या दुकानातून दही घेतलं, आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी एकट्या लिफ्टमध्ये शिरल्या. सात कुठे आहे हे शोधायला, शहाण्या माणसाने जे करायचं तेच त्यांनी केलं. काचेवरून बोट फिरवलं. आणि ही लिफ्ट 'आधी ऐका, मग दाबा' या जातीची नाही. तिला नुसता स्पर्श म्हणजेच हुकूम. बोट जिथे जिथे टेकलं, तो तो मजला दाबला गेला. "पहली मंज़िल, दूसरी मंज़िल, तीसरी मंज़िल..." लिफ्ट आनंदाने म्हणत सुटली. चारवरून बोट निसटलं, बाकी सगळे लागले.

मग लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबायला लागली. थांबली की कुठला मजला आला हे सांगत नाही. तो आकडा वर काचेवर उमटतो. मी तो बघूनच खूश झाले होते. तोंडाने लिफ्ट एवढंच म्हणते, "दरवाज़ा खुल रहा है, कृपया सावधान रहें." काकूंनी काय केलं? दार किती वेळा उघडलं ते मोजलं. सातव्यांदा उघडलं तेव्हा बाहेर पडल्या. चौथा मजला वगळला गेलेला, म्हणून त्या उतरल्या आठव्यावर.

आठशे तीन हा फ्लॅट सातशे तीनच्या बरोबर डोक्यावर. दार उघडं होतं, आतून ओल्या फरशीचा वास येत होता. काकूंची कामवाली सुनीता याच वेळी येऊन फरशी पुसते, तिच्याकडे किल्ली असते. काकू निर्धास्त आत गेल्या, चपला काढल्या, अकरा पावलं चालून डायनिंगच्या खुर्चीवर बसल्या. खुर्चीही तिथेच होती. सगळे बिल्डर एकाच डोक्याचे. दह्याची पिशवी टेबलावर ठेवली.

आतल्या खोलीतून खुराना साहेब बाहेर आले. ते घरून काम करतात. वर इस्त्रीचा शर्ट, खाली हाफ पँट.

"आप कौन?"

काकू ताडकन उठल्या. "मैं कौन? तुम कौन? मेरे घर में क्या कर रहे हो? सुनीता! ये आदमी कौन है? सुनीता!" आणि पांढरी काठी उगारली.

खुराना साहेब ओरडले. त्यांची कामवाली ओरडली. लॅपटॉपवरच्या मीटिंगमधली माणसंही ओरडली म्हणतात. पुढच्या वीस मिनिटांत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरला: 'आठशे तीन में अनजान महिला घुसी, सिक्योरिटी क्या कर रही है?' सोळा वर्षं त्याच इमारतीत राहणारी बाई, अनजान महिला. मग ती कोण हे कळल्यावर हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. 'आंटी जी का ध्यान रखिए.' 'अकेले नहीं छोड़ना चाहिए.' 'बेटा कहाँ है?'

बेटा गुरुग्रामहून टॅक्सीने आला. भल्ला साहेबांनी त्याच्यापुढे कागद ठेवला: श्रीमती पाटणकर यापुढे सोबतीशिवाय लिफ्ट वापरणार नाहीत, जबाबदारी कुटुंबाची. नितीनने सही केली. आईला विचारलं नाही. आल्यापासून माफ्या मागून तो इतका थकला होता की कोणी त्याच्यापुढे सोसायटीची घटना ठेवली असती तरी सही केली असती.

मला कळलं दुपारी. काकू वर्गाला आल्या नाहीत म्हणून मी फोन केला. हे सगळं त्यांनी टेलिफोन ऑपरेटरच्या आवाजात सांगितलं, एका दमात, एकही शब्द न चुकवता. शेवटी म्हणाल्या, "तू तपासलीस ना गं नीट? मग माझंच काहीतरी चुकलं असेल."

मला तेव्हा खरं सांगता आलं नाही.

रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये मीटिंग झाली. काकूंनी अर्ज दिला होता की सही मुलाची आहे, पाय माझे आहेत, विषय चर्चेला घ्या. मी त्यांच्याबरोबर गेले. भाषण तयार होतं: कायदा, समानता, सगळं. मी तोंड उघडणार तेवढ्यात भल्ला साहेबांनी फाइलमधून माझं प्रमाणपत्र काढलं आणि वर धरलं.

"मैडम, हमने तो सर्टिफिकेट लिया है. सात में से सात यस. यह साइन आपका ही है ना?"

माझंच होतं. खाली मराठीत लफ्फेदार. भाषणाचा कागद मी घडी करून पिशवीत टाकला.

काकूंनी मान माझ्या दिशेला वळवली. सगळ्यांसमोर, मराठीत, हळू आवाजात विचारलं, "रुबिना, बोट फिरवून बघितलं होतंस?"

"नाही काकू."

"मग हो का म्हणालीस?"

"समोसे आले होते."

खोटं बोलले नाही, यावेळी तरी. काकूंनी मान परत समोर वळवली. मग म्हणाल्या, "राँग नंबर मीसुद्धा जोडलेत. पण लागला नसताना 'लागलाय, बोला' असं कधी म्हटलं नाही."

सहा वर्षांत मला पोलिसांनी हटकलंय, अधिकाऱ्यांनी हाकललंय, एका उद्घाटनातून गार्डने बाहेर काढलंय. इतकं कोणी लागेल असं बोललं नव्हतं. मी उभी राहिले आणि हिंदीत सांगितलं की प्रमाणपत्र चुकीचं आहे, मी लिफ्ट बघून तपासली, ऐकून नाही, मी ते परत घेते. भल्ला साहेब म्हणाले, "वापस कैसे होगा? रिकॉर्ड पर है."

तेव्हा काकू उठल्या. "भल्ला साहब, बहस छोड़िए. चलिए, मुझे घर छोड़ आइए. कोई साथ है तो लिफ्ट अलाउड है ना?"

कमिटीचे पाच जण, काकू आणि मी, असे लिफ्टमध्ये शिरलो. दार बंद झाल्यावर काकू म्हणाल्या, "अब आप काँच की तरफ़ पीठ कीजिए. हाथ पीछे. सातवीं मंज़िल दबाइए."

"अरे आंटी जी, यह क्या..."

"बोलती है ना लिफ्ट? सुनकर दबाइए."

पाच जणांसमोर नाही म्हणता येईना. भल्ला साहेबांनी पाठ वळवली आणि हात मागे नेऊन काच चाचपली. "पहली मंज़िल. तीसरी मंज़िल. चौथी मंज़िल. पाँचवीं मंज़िल..." साहेब घाबरून हात काढायला गेले तर आणखी दोन मजले लागले. लिफ्ट निघाली.

पहिल्या मजल्यावर दार उघडलं, कोणी नाही. तिसऱ्यावर एक बाई कुत्रा घेऊन उभ्या. त्या भल्ला साहेबांच्या पाठमोऱ्या अवताराकडे बघत राहिल्या. "भाई साहब, तबीयत ठीक है?" दार बंद. चौथ्यावर शाळकरी मुली, त्या हसल्या. प्रत्येक वेळी लिफ्टचं पालुपद, "कृपया सावधान रहें." काकू दर मजल्याला विचारायच्या, "भल्ला साहब, पीछे मत देखिए. कौन-सी मंज़िल है?"

"पाँच," ते म्हणाले. होता पाचवाच. पुढच्या दाराला म्हणाले, "छह." त्याच्या पुढच्या दाराला खात्रीने म्हणाले, "सात! सात है आंटी जी, आ गया आपका घर," आणि रुबाबात बाहेर पडले.

समोर आठशे तीनच्या दारात खुराना साहेब पेपर घेऊन उभे होते. कमिटीच्या सेक्रेटरीला असं एकाएकी आपल्याकडे येताना बघून ते दोन पावलं मागे सरकले. "मेरे यहाँ आ रहे हैं?"

काकू लिफ्टमधूनच म्हणाल्या, "चप्पल बाहर उतारिए, भल्ला साहब. फ़र्श गीला होगा."

खुराना साहेबांना सगळा प्रकार कळला. जरा ओशाळून म्हणाले, "आंटी जी, आपका दही फ्रिज में रखा है. फेंका नहीं."

एवढं झाल्यावर तुम्हाला वाटेल, काम झालं. मलाही वाटलं होतं. कंपनीच्या माणसाला बोलावलं. तो म्हणाला, सोय आहे की! काचेत आतच आहे, एक सेटिंग बदलायचं. मग पहिल्या स्पर्शाला मजला नुसता बोलेल, दुसऱ्यांदा टेकवलं की लागेल. थांबल्यावर मजल्याचं नावही घेईल. अर्ध्या तासाचं काम.

कमिटीतल्या एकाने हवेतच दोनदा बोट टेकवून बघितलं. मग एकजण म्हणाले, "मतलब... सबको दो बार दबाना पड़ेगा?"

"जी."

"हर बार?"

"जी."

"इससे तो बुज़ुर्गों को तकलीफ़ होगी," भल्ला साहेब म्हणाले. शेजारी सदुसष्ट वर्षांच्या काकू बसल्या होत्या.

ठराव असा झाला: ही एकाच फ्लॅटची तक्रार आहे. किमान दहा फ्लॅट लेखी मागणी करतील तर सेटिंग बदलण्याचा विचार होईल. तोवर मुलाने सही केलेला कागद लागू.

तो कागद काकूंनी मला मोठ्याने वाचायला लावला. दोनदा. मग म्हणाल्या, "लिफ्टबद्दल लिहिलंय. जिन्याबद्दल काही नाही." पुढच्या मंगळवारी त्या जिन्याने उतरल्या. एका मजल्याला अठरा पायऱ्या, सात मजले, एकशे सव्वीस. वर येताना चौथ्या मजल्यावर बसतात. जूनपर्यंत मंगळवार आणि शुक्रवार दोन्ही झाले. पावसाळ्यात गुडघा सुजला आणि शुक्रवार सुटला. आता ऑक्टोबरात एखादा मंगळवारही चुकतो. तळघरात मागच्या महिन्यात एक नवे गृहस्थ आले, पन्नाशीचे, नजर नुकतीच गेलेली. रडले. काकू नव्हत्या. मी म्हटलं, "रडून झालं की सांगा," पण ते वाक्य माझ्या तोंडी शोभत नाही. ते नुसतेच रडत राहिले.

मला आता एकटीने सही करायची परवानगी नाही. प्रत्येक तपासणीला एक दृष्टिहीन सहकारी बरोबर लागतो, खालची सही त्याची. हा नियमही काकूंनीच केला, फोनवरून. योग्य केला.

नितीनने मुदत दिली आहे. दिवाळीचा फराळ झाला की आईने गुरुग्रामला यायचं. पॅकिंगवाल्यांशी बोलून झालंय. काकू यावेळी नाही म्हणाल्या नाहीत. गुडघा चोळत म्हणाल्या, "बघू." मी त्यांना सहा वर्षं ओळखते. 'बघू' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

संपादक म्हणाले होते घोषणा नकोत. म्हणून घोषणा देत नाही, साधं बोलते.

द्वारकेतल्या त्या सोसायटीत काकूंचं घर सोडून आठ मराठी घरं आहेत. मला पक्कं माहीत आहे, कारण दर वर्षी हा अंक तुमच्या घरी आणून द्यायला मीच येते. कोणी चकली देतं, कोणी दारातूनच 'अच्छा, थँक्यू' म्हणतं. तुम्ही सगळे त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहात. फेब्रुवारीत हात जोडलेली चिन्हं तुम्हीही टाकली होती. मी ती बघितली आहेत. त्यानंतर आठ महिने तुमच्यापैकी एकानेही कमिटीला एक ओळ लिहिलेली नाही. का, ते मी विचारत नाही. मलाही समोसे आवडतात.

हिशेब सोपा आहे. सातशे तीनचा अर्ज आधीच दिलेला आहे. आठ घरं तुमची. खुराना साहेब म्हणतात, "लिखने-विखने में मत डालिए," पण त्यांच्या फ्रिजमध्ये पाच दिवस दुसऱ्याचं दही होतं, ही गोष्ट मी त्यांना विसरू देणार नाही. दहावा अर्ज मी आणते.

तुम्ही आज एवढं करा. हा अंक खाली ठेवा आणि लिफ्टमध्ये जा. काचेकडे पाठ करा. हात मागे नेऊन तुमचा मजला शोधा. सापडला तर मी चुकले, अंक परत करा. सापडला नाही तर वर येऊन एका कागदावर लिहा: 'मी दोनदा बोट टेकवायला तयार आहे.' खाली सही, फ्लॅट नंबर. सोमवारी सकाळी तो कागद भल्ला साहेबांच्या टेबलावर ठेवा, पॅकिंगवाले यायच्या आत.

आणि जिन्यात काकू भेटल्या, त्यांनी विचारलं, "लिहिलंत का?" तर लिहिलं नसताना हो हो म्हणू नका. ते माझं म्हणून झालंय.